डावा सात, उजवा नऊ

वाशीच्या हॉटेलात, चौथ्या मजल्यावर
सल्लागाराने पडद्यावरचा पिरॅमिड उलटा केला.
म्हणाला, नेता तळाशी.
आम्ही बावीस जणांनी वहीत लिहून घेतलं: तळाशी.
मग गुलाबजाम आले.

मला आठवत होती ती माडीवरची खोली,
घंगाळ, कमरेला गुंडाळलेला पंचा.
बाबा नगरला आठवडाभर शाळेचे शिपाई,
रविवारी मंडळीचे वडील.
त्या रात्रीचा उतारा आला की चष्मा काढून ठेवायचे
आणि न बघता वाचायचे.

सोमवारी पावणे एमआयडीसीत, आमच्या प्लांटवर
ठेकेदाराचे सेफ्टी बूट आले. सगळे आठ आणि नऊ.
कागदावर पूर्तता शंभर टक्के.
पॅकिंगची पोरं कापसाचे बोळे कोंबून चालत होती,
ड्रम धुणारे टाचा मोडून.
ॲसिडच्या टाकीशेजारचं हे फरपटणं
मी तीन वर्षं रोज पाहिलं होतं,
म्हणजे त्या बाजूने रोज गेले होते.

स्टोअरमधून पुठ्ठे मागवले, सुताराची पेन्सिल,
आणि जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये गुडघ्यांवर बसले.
डावा गुडघा कुरकुरतो. अहवालात त्याला जागा नाही.
एकेक पाऊल पुठ्ठ्यावर, भोवती रेघ.
गुदगुल्या होतात, मोठी माणसं खिदळतात.
कॉस्टिकने सोललेली बोटं.
एकाच्या नखांवर अजून मेंदी,
पंधरवड्यापूर्वीच्या लग्नाची.

ग्यानबा इंगोले मागे सरकला. वाशीचा नव्हे, वाशिमचा.
"नको मॅडम. तुमी नका. पाय घान हायेत."
त्या माडीवरही एक जण असाच अडून बसला होता.
कोळी माणूस, हट्टी,
आधी बोट लावू देईना, मग म्हणे नखशिखांत धू.
ग्यानबाला मी म्हटलं, माप आहे रे, उपकार नाही.
बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला.
मग मोजा काढला.
डाव्या पायाला दोनच बोटं.
"मागच्या कंपनीत," म्हणाला. "प्रेस."

रांगेत ठोंबरे मुकादमही होता.
मुख्य कार्यालयाला माझ्याविरुद्ध निनावी पत्र गेलं ते त्याचंच.
आठवड्याला 'आठोडा' लिहिणारा दुसरा कोण आहे इथं?
पेन्सिल थांबली.
त्या रात्री सौदा करून आलेल्याचेही पाय
त्याच घंगाळात बुडाले होते,
त्याच पंच्याने टिपले गेले होते,
आणि पुसणाऱ्याला सगळं ठाऊक होतं.
मी रेघ काढली. खरं सांगते, जरा घाईनं.
त्याचा बूट करंगळीला चावतो असं ऐकते.

खरेदीच्या संगणकात एका माणसाला
दोन मापं बसत नाहीत. रकाना लाल होतो.
मी ग्यानबाच्या नावावर दोन जोड टाकले,
एक सातचा, एक नऊचा.
वित्त विभागातून देशमाने साहेबांनी विचारलं,
याला आधार काय?
मी उत्तरात लिहिलं: पाय.
मंजूर झालं की नजरेतून सुटलं, कळलं नाही.

बाकी सगळं जिथल्या तिथं. ठेका तोच, मजुरी तीच.
पत्राची चौकशी चालू आहे,
जुलैपर्यंत ही खुर्ची कदाचित दुसऱ्या कुणाची.
बावीस जणांच्या गटावर सल्लागार
पहाटे सहाला सुविचार टाकतो. आम्ही अंगठे दाखवतो.

टेबलाखाली खोक्यात दोन बूट उरलेत,
डावा नऊ, उजवा सात, जगात कुणाचेच नसलेले.
ऑडिटची मुलगी म्हणाली, भंगारात काढा.
राहू दे, म्हटलं.
मीटिंग लांबते, माझा आवाज चढायला लागतो,
खुर्ची पुढे ओढून मी कुणाला तरी
त्याची जागा दाखवणार असते,
तेवढ्यात माझी टाच
खोक्यावर आपटते.